सूक्ष्मनियंत्रकाची नोंदवही

घड्याळ बंद पडले म्हणजे घड्याळजी त्याचे झाकण उघडतो, भिंगातून चाके न्याहाळतो आणि कोणता दाता झिजला आहे हे डोळ्यांनी पाहून ठरवितो. सूक्ष्मनियंत्रकाच्या बाबतीत हा मार्ग बंद असतो. सूक्ष्मनियंत्रक, म्हणजेच मायक्रोकंट्रोलर, हे नखाएवढ्या चिपवर सामावलेले संपूर्ण गणकयंत्र होय. धुलाईयंत्र, विजेचा मीटर, मोटारीचे इंजिन, रेल्वेची सिग्नलयंत्रणा अशा अनेक ठिकाणी ते दृष्टीआड राहून काम करीत असते. त्याला बहुधा पडदा नसतो, कळफलकही नसतो. त्याच्या पोटात दर सेकंदास लक्षावधी आज्ञा पार पडत असतात; परंतु झाकण उघडले तरी काळ्या तुकड्यावाचून काहीही दिसत नाही.

अशा मुक्या यंत्रातील दोष शोधावयाचा तर त्यालाच बोलते करावे लागते. म्हणून कार्यक्रम लिहिणारा त्यात ठिकठिकाणी अशा आज्ञा पेरून ठेवतो की, यंत्राने आपल्या स्थितीचे निवेदन बाहेर पाठवावे: ‘अमुक टप्पा गाठला’, ‘तापमान इतके’, ‘उत्तर आले नाही’. या निवेदनास तंत्रज्ञ डीबग आउटपुट म्हणतात. दोषशोधनाचे हे सर्वांत जुने व सर्वांत सोपे साधन आहे. तथापि त्याचा उपयोग करताना एक गोष्ट सहज विसरली जाते. निवेदन करणे हेही एक काम आहे, आणि ते त्याच यंत्राला, त्याच्याच वेळातून व त्याच्याच स्मृतीतून करावे लागते. निवेदनाला आळा नसेल, तर ज्या कामाची साक्ष हवी ते कामच बिघडते.

लखनौमधील एक दाखला

लखनौच्या मानकनगर भागात भारतीय रेल्वेची ‘रिसर्च डिझाइन्स अँड स्टँडर्ड्स ऑर्गनायझेशन’ ही संस्था आहे. १९३० सालचे सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि १९५२ साली लखनौ येथे स्थापन झालेले, लोणावळा व चित्तरंजन येथे उपकेंद्रे असलेले रेल्वे टेस्टिंग अँड रिसर्च सेंटर, या दोहोंच्या विलीनीकरणातून ती १९५७ साली उभी राहिली. रूळ, डबे, इंजिने व सिग्नल यांची मानके ठरविणे हे तिचे कार्य होय. गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या ‘कवच’ या पद्धतीचा विकासही याच संस्थेने भारतीय उद्योगांच्या साह्याने केला. २०१६ साली प्रवासी गाड्यांवर तिच्या चाचण्या सुरू झाल्या आणि २०२० साली राष्ट्रीय पद्धती म्हणून तिचा स्वीकार झाला.

या संस्थेच्या मानकांत स्टेशनावरील नोंदयंत्राचे, म्हणजे डेटा लॉगरचे, एक मानक आहे. त्याची गरज कशी पडते ते पाहू. स्टेशनावरील सिग्नल व सांधे परस्परांशी अशा रीतीने बांधलेले असतात की, एका गाडीस मार्ग दिल्यावर त्याला छेद देणारा दुसरा मार्ग कोणासही देता येऊ नये. या व्यवस्थेस इंटरलॉकिंग म्हणतात. पुष्कळ स्टेशनांवर ती रिले नावाच्या विद्युत्-खटक्यांनी साधलेली असते. समजा, मध्यरात्री एक सिग्नल काही क्षण अकारण लाल झाला आणि पुन्हा पूर्ववत झाला. तंत्रज्ञ येऊन पोहोचतो तेव्हा प्रत्येक रिले आपल्या जागी असतो. दोष नाहीसा झालेला असतो, पण त्याचे कारण तसेच लपून राहिलेले असते. पुढच्या वेळी ते अधिक घातक ठिकाणी प्रकट होणार नाही, याची शाश्वती कोण देणार?

नोंदयंत्र अशा वेळी साक्षीदाराचे काम करते. रेल्वेच्या प्रशिक्षण-पुस्तिकांतील वर्णनानुसार ते दर १६ मिलिसेकंदांनी रिलेंच्या स्थितीची पाहणी करते आणि सुमारे दहा लक्ष घटना साठवून ठेवू शकते. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. रिले उचलला गेला किंवा पडला की तो बदल तारीख व वेळ यांसह नोंदला जातो.

या यंत्राच्या रचनेत चार गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, ते स्थितीची नव्हे तर बदलाची नोंद करते. रिले तासभर तसाच राहिला तर त्याविषयी एक अक्षरही लिहिले जात नाही. दुसरी, प्रत्येक नोंदीस वेळ जोडलेली असते. त्यामुळे कोणता रिले आधी पडला व कोणता नंतर, हा कार्यकारणाचा धागा हाती लागतो. तिसरी, नोंद साठवून ठेवलेली असल्यामुळे घटना घडून गेल्यावरही ती वाचता येते. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नोंदयंत्र सिग्नलच्या मूळ विद्युत्-मंडलात शिरत नाही. रिलेच्या मोकळ्या संपर्कावरून, आणि तोही प्रकाशाच्या साह्याने विलग केलेल्या जोडणीतून, ते स्थिती वाचते. नोंदयंत्र बिघडले तरी त्यामुळे सिग्नल चुकू नये, अशी ही योजना आहे.

लहान सूक्ष्मनियंत्रकाजवळ असा स्वतंत्र साक्षीदार सहसा नसतो. तो स्वतःच कारागीर असतो आणि स्वतःच कारकून. म्हणून वरील चारही गुण त्याच्या कार्यक्रमातच उतरवावे लागतात. त्यासाठी प्रथम निवेदनाची किंमत मोजली पाहिजे.

निवेदनाची किंमत

शाळांतील अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमध्ये आर्डुइनो नावाची पाटी पुष्कळांनी हाताळलेली असेल. तिच्या परिचित ‘उनो’ या प्रकारात बराच काळ एटीमेगा ३२८पी हा सूक्ष्मनियंत्रक वापरला गेला. त्याचे स्पंदन सेकंदास १ कोटी ६० लक्ष वेळा होते. त्याची कामापुरती स्मृती मात्र अवघी २,०४८ बाइट, म्हणजे सुमारे तितक्याच इंग्रजी अक्षरांची, असते.

निवेदन सिरियल वाहिनीतून बाहेर जाते. या वाहिनीत अक्षराचे बिंदू, म्हणजे बिट, एकामागून एक अशा रांगेने जातात. सामान्य रीतीत प्रत्येक अक्षराचे आठ बिट, प्रारंभाची खूण म्हणून एक आणि शेवटची खूण म्हणून एक, असे दहा बिट लागतात. वाहिनीचा वेग सेकंदास ९,६०० बिट असेल तर सेकंदास ९६० अक्षरे जातील. म्हणजे एका अक्षरास सुमारे १.०४ मिलिसेकंद लागेल. आता ४८ अक्षरांचे एक वाक्य घ्या. ते बाहेर जाण्यास ५० मिलिसेकंद लागतात. तेवढ्या अवधीत सूक्ष्मनियंत्रकाची आठ लक्ष स्पंदने होऊन जातात.

लखनौच्या मानकाशी ही संख्या ताडून पाहावी. एखाद्या सूक्ष्मनियंत्रकाने दर १६ मिलिसेकंदांनी पाहणी करावी अशी अपेक्षा आहे, आणि वाक्य पूर्ण जाईपर्यंत तो थांबून राहतो असे समजा. एका वाक्यापायी त्याच्या तीन पाहण्या चुकतील. त्या अवधीत रिले पडून पुन्हा उचलला गेला, तर ती घटना कोणालाच कळणार नाही. वेग वाढवून १,१५,२०० केला तर हेच वाक्य सुमारे ४.२ मिलिसेकंदांत जाते. किंमत कमी होते. परंतु नाहीशी होत नाही.

स्मृतीचा हिशेबही असाच आहे. या सूक्ष्मनियंत्रकात निवेदनाची वाक्ये सहसा कामाच्या स्मृतीत उतरविली जातात. ४८ अक्षरांची ४० वाक्ये लिहिली की १,९२० बाइट त्यांतच खर्ची पडतात आणि प्रत्यक्ष कामासाठी सव्वाशेच्या आसपास उरतात. कार्यक्रम मग विचित्र वागू लागतो. दोष शोधण्यासाठी घातलेली वाक्येच नव्या दोषाचे कारण ठरतात.

पाहू जाता दडणारा दोष

याहून फसवा प्रकार तो की ज्यात निवेदन घातले असता मूळ दोष दिसेनासा होतो. समजा, कार्यक्रमाचे दोन भाग एकच संख्या एकाच क्षणी बदलू पाहतात आणि त्यामुळे क्वचित चूक होते. त्यांपैकी एका भागात निवेदन घातले की तो काही मिलिसेकंद मागे पडतो, दोघांची गाठ चुकते आणि सर्व सुरळीत चालते. निवेदन काढले की दोष परत हजर. तंत्रज्ञांनी हायझेनबर्ग या भौतिकीविदाच्या नावावर कोटी करून अशा दोषास ‘हायझेनबग’ असे नाव दिले आहे. यात गूढ काहीच नाही. निवेदनाला वेळ लागतो, आणि वेळेच्या चुकांवर वेळेचाच परिणाम होतो, इतकेच.

अशा जागी वाक्याऐवजी केवळ एक खूण करावी. सूक्ष्मनियंत्रकाच्या मोकळ्या पायावरील विद्युत्-दाब क्षणभर वाढवावा आणि तो बदल आलेखदर्शकावर पाहावा. थेट यंत्रभाषेतील आज्ञेने हे केल्यास उपर्युक्त सूक्ष्मनियंत्रकात त्याला दोन स्पंदने, म्हणजे सेकंदाचा ८० लक्षावा भाग, पुरतो.

नियमनाचे उपाय

*वर्तुळाकार साठा.* पहिला उपाय म्हणजे बोलणे आणि पाठविणे यांची फारकत. विहिरीवरील रहाटाची गाडगी खाली भरतात, वर रिकामी होतात आणि फिरून भरावयास येतात. त्याच रीतीने स्मृतीचा एक भाग वर्तुळासारखा वापरतात. कार्यक्रम आपली नोंद एका ठिकाणी ठेवून लगेच पुढच्या कामास लागतो. वाहिनी मोकळी झाली की दुसऱ्या ठिकाणाहून एकेक अक्षर उचलून बाहेर धाडले जाते. आर्डुइनो उनोमध्ये असा ६४ अक्षरांचा साठा मुळातच असतो. तो भरेपर्यंत निवेदन जणू फुकट वाटते. भरल्यावर मात्र कार्यक्रम जागा रिकामी होण्याची वाट पाहत थांबतो.

साठा म्हणजे अमर्याद कोठार नव्हे, हे येथे विसरू नये. सेकंदास ९६० बाइट वाहून नेणाऱ्या वाहिनीत कार्यक्रम १,४०० बाइट ओतू लागला तर ५१२ बाइटांचा साठा सव्वा सेकंदाच्या आतच भरून वाहील. साठा क्षणिक गर्दी सावरतो. कायमचा अतिरेक सावरू शकत नाही. म्हणून साठा भरल्यावर काय करावयाचे हे आधीच ठरवावे लागते. जुनी नोंद टाकावी की नवी, हे प्रसंगावर अवलंबून आहे. पण किती नोंदी गळाल्या याची संख्या अवश्य ठेवावी. ज्या नोंदवहीतून पाने गळली आहेत आणि ती गळाल्याची खूणही नाही, ती नोंदवही खोटी साक्ष देते.

*बदलाचीच नोंद.* तापमापकाची तार तुटली तर कार्यक्रमाच्या प्रत्येक फेरीत ‘तापमान मिळाले नाही’ हे वाक्य उमटू लागते आणि त्या पुरात इतर सर्व नोंदी वाहून जातात. त्याऐवजी दोष सुरू झाला तेव्हा एक नोंद, आणि संपला तेव्हा मधल्या आवृत्तींच्या संख्येसह दुसरी नोंद, एवढे पुरे होते. रेल्वेचे नोंदयंत्र नेमके हेच करते.

*श्रेणी.* सर्व निवेदने सारख्या तोलाची नसतात. गंभीर दोष, इशारा, सामान्य माहिती आणि बारीक तपशील अशा चार श्रेणी केल्या म्हणजे कोणती ठेवावी व कोणती वगळावी हे ठरविता येते. तपशिलाची श्रेणी कार्यक्रम यंत्रभाषेत उतरवितानाच वगळली तर ती वाक्ये चिपमध्ये पोहोचतही नाहीत आणि जागा व वेळ दोन्ही वाचतात.

मर्यादित वाटेवर निवड का करावी लागते याचा दाखला लखनौतच मिळतो. भारतीय अंतराळ संशोधन संघटनेच्या ‘इस्ट्रॅक’ या जाळ्याचे एक भूकेंद्र तेथे आहे. कमी उंचीच्या कक्षेतील उपग्रह अशा एका केंद्राच्या दृष्टिपथात एका फेरीत साधारणतः दहा-पंधरा मिनिटेच राहतो. केंद्रांच्या दृष्टीआड असताना जे घडले त्याची नोंद उपग्रहावर साठवून ठेवावी लागते आणि दर्शनाच्या अल्प काळात खाली पाठवावी लागते. अशा वेळी सर्वच बोलू गेल्यास महत्त्वाचे राहून जाते.

*सांकेतिक क्रमांक.* यंत्राने पूर्ण वाक्य बोलण्याचे कारण नाही. ४८ अक्षरांच्या वाक्याऐवजी एक बाइट क्रमांक, चार बाइट वेळ आणि दोन बाइट मोजमाप अशी सात बाइटांची नोंद पुरते. क्रमांकांचा कोश बाहेरच्या मोठ्या गणकावर ठेवावा आणि वाक्य तेथे बनवावे. ५१२ बाइटांच्या साठ्यात अशा ७३ नोंदी मावतात; पूर्ण वाक्ये मात्र दहाच मावली असती.

ही युक्ती जुनी आहे. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरत असता त्याच्या गणकाच्या फलकावर १२०२ हा इशारा उमटला. त्या गणकाची बदलती स्मृती केवळ २,०४८ शब्दांची होती. वाक्ये लिहिण्याची चैन तिला परवडणारी नव्हती. परंतु पृथ्वीवरील नियंत्रणकक्षाने या क्रमांकांचा अभ्यास आधीच करून ठेवला होता. गणकावर कामाचा बोजा अधिक झाला आहे, तरी तो कमी महत्त्वाची कामे सोडून आवश्यक कामे पार पाडीत आहे, असा त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. उतरण्याचे काम पुढे चालू ठेवण्याचा निर्णय काही क्षणांत दिला गेला. चार अंक पुरले, कारण त्यांचा कोश तयार होता.

शेवटची नोंद

यंत्र अडकून पडले तर ते आपोआप नव्याने सुरू व्हावे म्हणून सूक्ष्मनियंत्रकात ‘वॉचडॉग’ नावाचा पहारेकरी असतो. ठराविक अवधीत कार्यक्रमाने त्याला हजेरी दिली नाही तर तो यंत्र पुनःप्रारंभ करतो. हे उपकारकच आहे. परंतु पुनःप्रारंभात सामान्यतः स्मृतीतील मजकूर पुसला जातो आणि अपघाताच्या क्षणाची साक्ष नष्ट होते. म्हणून स्मृतीचा एक लहान भाग प्रारंभीच्या साफसफाईतून वगळतात आणि अखेरच्या काही नोंदी त्यात ठेवतात. यंत्र पुन्हा जागे झाले की ते प्रथम आधीच्या मरणाचे कारण सांगते. वीजच गेली तर हा भागही टिकत नाही. तेथे कायम स्मृतीचा आश्रय घ्यावा लागतो. पण तिच्यावर लिहिण्यास अधिक वेळ लागतो आणि तिची लेखने मर्यादित असतात, म्हणून तिचा वापर गंभीर दोषापुरताच करावा.

काढावे की ठेवावे

यंत्र तयार झाल्यावर दोषशोधनाची सर्व निवेदने काढून टाकावीत, असा एक विचार दिसतो. त्यात तथ्य आहे. उघडी राहिलेली सिरियल वाहिनी परक्यालाही यंत्राचे अंतरंग सांगते. तिच्यातून परवलीचे शब्द बाहेर पडणे धोक्याचे आहे. तथापि सर्वच काढून टाकले तर प्रयोगशाळेत तपासलेले यंत्र आणि प्रत्यक्ष कामास लागलेले यंत्र ही दोन निराळी यंत्रे होतात.

या बाबतीत मंगळावरील मार्स पाथफाइंडर यानाचा अनुभव बोधप्रद आहे. ४ जुलै १९९७ रोजी ते मंगळावर उतरले आणि काही दिवसांनी त्याचा गणक अधूनमधून आपोआप पुनःप्रारंभ होऊ लागला. यानाच्या कार्यक्रमात घटनांची नोंद करणारी सोय हेतुतः ठेवलेली होती. तिची सर्व माहिती पृथ्वीवर पाठविणे वाहिनीला झेपणारे नव्हते, म्हणून उड्डाणात ती वापरली जात नव्हती. कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या अभियंत्यांनी पृथ्वीवरील जुळ्या यंत्रावर तोच दोष घडवून आणला आणि त्या सोयीने टिपलेल्या नोंदी वाचल्या. हवामानाचे काम करणारा एक कनिष्ठ कार्यभाग सामाईक साधन अडवून बसत होता, मधल्या श्रेणीची कामे त्याला पुढे सरकू देत नव्हती, आणि वरिष्ठ कार्यभाग खोळंबून राहत होता. कारण कळल्यावर दुरुस्ती मंगळावर पाठविण्यात आली व यान सुरळीत चालू लागले. नोंदीची सोय बंद ठेवलेली होती, पण कापून टाकलेली नव्हती, म्हणूनच हे साधले.

यावरून व्यवहाराचा नियम असा निघतो. तपशील वगळावा, गंभीर दोष, पुनःप्रारंभाची कारणे व गळालेल्या नोंदींची संख्या मात्र अखेरपर्यंत ठेवावी. जे ठेवावयाचे ते ठेवूनच यंत्राची चाचणी घ्यावी. निवेदनास लागणारा वेळ यंत्राच्या कामाच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरावा. सिग्नल असो वा यान, दोष घडला त्या क्षणी तेथे कोणी उपस्थित नसते. मागे राहिलेल्या मोजक्या व खऱ्या नोंदींवरच पुढील सुरक्षितता अवलंबून असते.

प्रयोग व प्रश्न

१. आर्डुइनो पाटीवर एक लांब वाक्य पाठविण्याच्या आधी व नंतर यंत्राच्या घड्याळातील मायक्रोसेकंद वाचा. वाक्य २० अक्षरांचे असताना आणि २०० अक्षरांचे असताना मिळणाऱ्या वेळांत जो फरक पडतो त्याचे कारण सांगा.

२. सेकंदास ९,६०० बिट या वेगाने ३२ अक्षरांचे निवेदन जाण्यास किती वेळ लागेल? तोच मजकूर सहा बाइटांच्या सांकेतिक नोंदीत बसविला तर किती वेळ वाचेल?

३. साठा भरल्यावर अपघाताचा शोध घेण्यासाठी जुन्या नोंदी टाकणे इष्ट की नव्या? यंत्र सुरू होतानाच बिघडत असेल तर उत्तर बदलेल काय?

४. रेल्वेचे नोंदयंत्र सिग्नलच्या मूळ मंडलापासून विलग का ठेवलेले असते, हे आपल्या शब्दांत लिहा.